फिल्टरची शिवण उसवणारे कलाकार

चेहऱ्यापासून साधारण एक फुटावर फोन धरून सेल्फी काढला, तर नाकाचा खालचा भाग पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१८ साली गणिती मांडणी करून हे दाखवलं. कारण साधं आहे. कॅमेरा जवळ असला की त्याला कानांपेक्षा नाक बरंच जवळ पडतं, आणि जे जवळ ते मोठं दिसतं. पाच फूट मागे गेलं की नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक जाणवण्याइतका उरत नाही आणि चेहरा समोर उभ्या माणसाला दिसतो तसा येतो.

म्हणजे ज्या नाकापायी एखादी कॉलेजकन्या रोज रात्री खट्टू होते, ते तिचं नाकच नव्हे. ते एक फूट अंतराने घडवलेलं नाक आहे. तरी ते बदलून घ्यायला माणसं डॉक्टर गाठतात. अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनं २०१७ मध्ये आपल्या सदस्यांची पाहणी केली, तेव्हा ५५ टक्के डॉक्टरांनी सांगितलं की सेल्फीत बरं दिसावं म्हणून शस्त्रक्रिया मागणारे लोक आपल्याकडे येतात.

हा विषय घरात निघाला की मोठी माणसं ‘तो फोन ठेव आधी बाजूला’ म्हणतात आणि बोलणं तिथेच संपतं. मी बडोद्यात मुलांना चित्रकला शिकवते. त्यामुळे असेल, पण मला हा प्रश्न आधी चित्राचा वाटतो. पडद्यावर दिसतो तो चेहरा हे एक चित्र आहे. अंतर, उजेड, कोन, रंग आणि त्यावर चढवलेलं सॉफ्टवेअर, यातलं प्रत्येक काही ना काही ठरवत असतं. ते कसं ठरतं हे डोळ्यांनी पाहिलं की त्या चित्राची मनावरची पकड सैल होते, असं मला मनापासून वाटतं. आणि ते डोळ्यांनी दाखवण्याचं काम कलाकारांनी फार चांगलं केलं आहे.

तुलना आणि पहारा

आधी मनात काय घडतं ते पाहू. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की जिथे मोजायला पट्टी नसते तिथे माणूस स्वतःला आजूबाजूच्यांशी ताडून बघतो. उंची फुटांत मोजता येते. ‘मी दिसायला कशी आहे’ याला फूटपट्टी नाही, म्हणून मग शेजारी बघायचं. पूर्वी हे शेजार म्हणजे वर्गातल्या, गल्लीतल्या, लग्नघरात जमलेल्या मुली. त्यांना आपण नटलेलं बघायचो तसंच तापानं फणफणलेलं, केस विस्कटलेलं आणि रडून डोळे सुजलेलंही बघायचो. आता शेजार आहे ते जगभरातून वेचून आणलेल्या, उत्तम उजेडात, पन्नासातून एक निवडलेल्या फोटोंचं.

पण तुलना हा अर्धाच भाग आहे. मला दुसरा भाग जास्त काळजीचा वाटतो. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टॉमी-अ‍ॅन रॉबर्ट्स या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये तो मांडला: ज्या मुलीच्या शरीराकडे सतत बघितलं जातं, ती हळूहळू स्वतःकडे बाहेरून बघायला लागते. चालताना पोट आत ओढलेलं आहे ना, बसल्यावर मांडी पसरलेली दिसते का, हसताना हिरड्या दिसल्या का, असा मनाचा एक कोपरा कायम पहाऱ्यावर बसतो. पुढच्याच वर्षी फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या मुलामुलींना एका बंद खोलीत, मोठ्या आरशासमोर, कुणाला पोहण्याचा पोशाख तर कुणाला स्वेटर घालायला दिला. तेच कपडे अंगावर असताना गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले. मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं हे लक्षात घ्या. बघणारं कुणी नसतानाही पहारा चालू होता, आणि त्यात गणिताला लागणारं लक्ष खर्ची पडत होतं.

समोरचा कॅमेरा असलेला आयफोन २०१० च्या जूनमध्ये आला, इन्स्टाग्राम त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. चेहऱ्यावर बसणारे, हलले तर सोबत हलणारे फिल्टर स्नॅपचॅटने २०१५ मध्ये आणले. आपल्याकडे २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने रील्स सुरू केल्या. प्रयोगातली ती आरशाची खोली अशी प्रत्येकाच्या खिशात आली, आणि आता तिथे केलेल्या पहाऱ्याला आकडाही मिळू लागला: इतके लाइक, इतके व्ह्यूज.

फिल्टर काम कसं करतो हे मुलांना माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सॉफ्टवेअर आधी चेहऱ्यावरचे ठरावीक बिंदू शोधतं: डोळ्यांचे कोपरे, नाकाचं टोक, ओठांची कड, हनुवटी. त्या बिंदूंवरून एक जाळी ताणली जाते. मग जाळीचे काही बिंदू सरकवले जातात. नाकपुड्या आत, डोळे मोठे, जबडा निमुळता, गालांची हाडं वर. त्वचेवरचा बारीक पोत पुसून टाकला जातो, म्हणजे रंध्रं, लव, मुरुमाचे डाग गेले. शेवटी रंग उजळवला जातो. आता प्रत्येक चेहऱ्याचे बिंदू एकाच दिशेने सरकवले तर सगळे चेहरे एकमेकांच्या जवळ येणार. मालवणातली मुलगी, मांडवीतली मुलगी आणि माद्रिदमधली मुलगी, तिघी बहिणी शोभाव्यात अशा दिसायला लागतात.

रंग उजळवण्याबद्दल मला राग आहे आणि तो लपवायचा नाही. ‘गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस’ हे स्थळांच्या जाहिरातीतलं जुनं मागणं आपण मागे टाकतो आहोत असं वाटत होतं. फेअर अँड लव्हली १९७५ पासून विकली जात होती, तिच्या नावातलं ‘फेअर’सुद्धा २०२० मध्ये गेलं. आणि तेच मागणं कुणी न मागता, बटणाच्या एका स्पर्शात, चौदा वर्षांच्या सावळ्या मुलीच्या चेहऱ्यावर परत आलं.

पुरावा काय सांगतो

इथे थोडं सावध राहायला हवं, कारण या विषयात अतिशयोक्ती फार होते. अमेरिकेतल्या वॉल स्ट्रीट जर्नलने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं छापली. त्यात कंपनीच्या स्वतःच्या अभ्यासातलं एक वाक्य होतं, की दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या बाबतीत आपण शरीराविषयीची खंत आणखी वाढवतो. दुसरीकडे एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये फार मोठ्या पाहण्यांची आकडेवारी तपासली, तेव्हा किशोरांच्या स्वास्थ्यातल्या फरकांपैकी जेमतेम ०.४ टक्के फरकाचा डिजिटल वापराशी संबंध लागला.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. सरासरीत बुडालं तरी काही मुलांना, काही वयात, जोरात लागतं. ऑर्बेन यांच्याच २०२२ च्या अभ्यासात मुलींसाठी ११ ते १३ आणि मुलांसाठी १४ ते १५ ही वर्षं जास्त नाजूक दिसली, शिवाय दोघांसाठीही १९ च्या आसपासचं वय. आणि वापर कमी केल्याने फरक पडतो का? कॅनडात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १७ ते २५ वयाच्या विद्यार्थ्यांना तीन आठवडे सोशल मीडियाचा वापर रोज एक तासाच्या मर्यादेत ठेवायला सांगितलं. त्यांना स्वतःचं दिसणं आधीपेक्षा बरं वाटू लागलं. मर्यादा न घातलेल्या गटात तसा बदल झाला नाही.

ज्यांनी हे दाखवलं

अर्जेंटिनात जन्मलेली अमालिया उलमन ही कलाकार २०१४ च्या एप्रिलमध्ये इन्स्टाग्रामवर एक गोष्ट सांगू लागली. ती गोष्ट आहे हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही. नाव तिचंच, चेहरा तिचाच. आधी लॉस एंजेलिसमध्ये नुकती आलेली साधी मुलगी: लेस, फुलं, कॉफीचा कप. मग प्रियकराशी फारकत, महागड्या हॉटेलांतल्या खोल्या, वयस्कर पुरुषांच्या पैशावर चालणारी चैन. मग छातीवर बँडेज बांधलेले फोटो, म्हणजे स्तनांची शस्त्रक्रिया करून घेतल्याची बतावणी. मग कोसळणं, रडणं, सगळ्यांची माफी. आणि शेवटी सावरलेली, योगासनं करणारी, पौष्टिक नाश्ता खाणारी शहाणी मुलगी. सप्टेंबरमध्ये तिने जाहीर केलं की हे सगळं आधी लिहून काढलेलं नाटक होतं. तोवर तिला बघणारे ८० हजारांच्या पुढे गेले होते. शस्त्रक्रिया झालीच नव्हती. कामाचं नाव ‘एक्सलन्सेस अँड परफेक्शन्स’, आणि २०१६ मध्ये ते लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात मांडलं गेलं.

या कामात मला जे मोठं वाटतं ते सांगते. उलमनने लोकांना फसवलं ते फोटोच्या करामतीने नव्हे, फोटो जवळजवळ साधेच होते. इन्स्टाग्रामवर मुलींचे जे ठरलेले नमुने चालतात, साधीभोळी, बोल्ड आणि ठेच खाऊन शहाणी झालेली, ते तिने ओळखले आणि एकामागून एक अंगावर चढवले. बघणाऱ्यांना सगळं खरं वाटलं, कारण असे फोटो त्यांनी आधी शेकडो वेळा पाहिले होते. म्हणजे आपण ज्याला ‘हिचं आयुष्य’ समजतो तो बऱ्याचदा एक ठरलेला साचा असतो, आणि त्याच्याशी आपण आपलं न ठरलेलं, विस्कळीत आयुष्य ताडून बघत असतो. हे शंभर व्याख्यानांनी पटलं नसतं. त्या मुलीची काळजी केलेल्या, तिला नावं ठेवलेल्या, तिच्या फिगरचा हेवा केलेल्या माणसांना मात्र ते एका दिवसात कळलं असणार, कारण त्यांनी स्वतःचीच प्रतिक्रिया रंगेहाथ पकडली होती.

सिंडी शर्मनचा मार्ग उलटा आहे. या अमेरिकन छायाचित्रकारने १९७७ ते १९८० या काळात स्वतःलाच वेगवेगळ्या वेशांत, जणू कुठल्या तरी सिनेमातली नायिका असल्यासारखं टिपलं होतं. २०१७ मध्ये तिने आपलं इन्स्टाग्राम खातं सगळ्यांसाठी खुलं केलं, तर तिथे काय? चेहरा सुंदर करणारी तीच लोकप्रिय अ‍ॅप्स, पण हात थांबवायचा तिथे न थांबवता पुढे रेटलेली. डोळे बशीएवढे, त्वचा मेणासारखी, हनुवटी कुठच्या कुठे. भाकरीचं पीठ प्रमाणाबाहेर थापलं की ती तव्यावर फाटते, तसा तिथे चेहरा फाटतो आणि आतलं यंत्र दिसतं. अ‍ॅपमधल्या ज्या घसरपट्टीवर (स्लायडरवर) आपण बोट जरासं सरकवतो तीच घसरपट्टी शेवटापर्यंत नेली की कुठे पोचते, एवढंच ती दाखवते. माझ्याकडच्या मुलांना हे फोटो दाखवले की आधी ती किंचाळतात, मग गप्प होतात, मग स्वतःच्या फोनमधलं अ‍ॅप उघडून बघतात.

ब्रिटिश छायाचित्रकार रँकिनने २०१९ मध्ये केलेलं काम वर्गात सगळ्यात चटकन पोचतं. त्याने किशोरवयीन मुलामुलींचे साधे फोटो काढले, ते त्यांच्याच हाती दिले आणि ‘सोशल मीडियावर टाकण्याजोगे’ होईपर्यंत बदलायला सांगितलं. दोन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले. बहुतेकांना आपला मूळ फोटोच जास्त आवडत होता, तरी बदलताना हात मात्र त्याच ठरलेल्या दिशेने गेले: नाक बारीक, डोळे मोठे, त्वचा सपाट. मुलांना स्वतःचा चेहरा नावडतो असं आपण धरून चालतो. इथे वेगळंच निघालं. चेहरा त्यांना चालत होता, तो चारचौघांत टाकायला चालेल याची खात्री नव्हती.

फ्रेंच कलाकार ओर्लानचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिने १९९० ते १९९३ या काळात शस्त्रक्रियाच कला म्हणून करवून घेतल्या, मोनालिसाचं कपाळ, बोत्तिचेल्लीच्या व्हीनसची हनुवटी असं वेचून. बघवत नाही असं काम आहे आणि मी ते मुलांना दाखवत नाही. पण नामवंत चित्रांतून सुटे अवयव जमवून सुंदर चेहरा करायला निघालं की काय होतं, हे फिल्टरच्या कितीतरी आधी तिने स्वतःच्या कातडीवर मांडलं.

हे बडोद्यातून बघताना

आपण बडोदेकरांना या विषयासाठी लंडनला जायची गरज नाही. सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याकडून लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रं करून घेतली. राज्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनीच रविवर्म्याला सुचवलं होतं की तुझ्या चित्रांच्या छापील प्रती निघाल्या पाहिजेत. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना निघाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि देवघरापासून न्हाव्याच्या दुकानापर्यंत लक्ष्मी-सरस्वती पोचल्या. गोऱ्या, भरल्या अंगाच्या, साडी नेसलेल्या, एकमेकींशी साम्य असलेल्या. त्याआधी गावोगावच्या देवी काळ्या दगडाच्या, शेंदराच्या, मोठ्या डोळ्यांच्या होत्या. रविवर्म्याच्या हाताबद्दल मला अपार आदर आहे, फत्तेसिंह म्युझियममधली त्याची चित्रं मी पुन्हा पुन्हा बघते. तरीही एकच देखणा चेहरा लाखो भिंतींवर गेला की ‘सुंदर’ म्हणजे काय याचं उत्तर आकसतं, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी घडून गेलं आहे.

आणि त्या चित्रांची शिवण उसवणारी कलाकारही आपल्याच फाइन आर्ट्सची. बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी शिल्पकलेचं शिक्षण महाराजा सयाजीराव विद्यापीठात घेतलं. २००० ते २००४ या काळात त्यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर दक्षिण भारतीय स्त्रियांच्या प्रतिमांची मालिका केली. तीत रविवर्म्याची लक्ष्मी त्या स्वतः होऊन उभ्या राहतात. पडदा रंगवलेला आहे हे दिसतं, दागिने खोटे आहेत हे दिसतं, आणि मालिकेच्या एका भागात तर फोटो काढण्याची सगळी तयारीच मांडलेली आहे. याच मालिकेत त्या चौकडीच्या पडद्यासमोर उभ्या राहतात. इंग्रजांच्या काळात आदिवासी स्त्रियांची शरीरं मापण्यासाठी असे पडदे वापरत. देवीचा सजवलेला देह आणि मोजपट्टीसमोर उभा केलेला देह, दोन्ही एकाच बाईने, एकाच निर्विकार चेहऱ्याने वठवलेले. आज फिल्टरची जाळी चेहऱ्यावर बसते तेव्हा मला ती चौकडी आठवते.

भूपेन खख्खर तर बडोद्याचेच. हिशेबनिसाची नोकरी सांभाळून चित्रं काढणारे. त्यांचं १९८१ चं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे मोठं तैलचित्र आज टेटच्या संग्रहात आहे. चित्रात घराच्या गॅलरीत एक नग्न माणूस आपल्याकडे पाठ करून उभा आहे आणि खाली रस्त्यावर बाप, लेक आणि गाढव यांची गोष्ट चालली आहे, जी आपण सगळे लहानपणी ऐकतो: गाढवावर कोणीही बसलं तरी लोक नावं ठेवतातच. त्या माणसाचं शरीर कुठल्याही जिमच्या जाहिरातीतलं नाही. मध्यमवयीन, ढिलं, नेहमीचं. समलिंगी असणं उघडपणे चित्रात आणण्याचा खख्खरांचा तो काळ होता, म्हणजे लोक काय म्हणतील हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. २०१६ साली टेट मॉडर्नमध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यालाही याच चित्राचं नाव दिलं होतं. त्याच वर्षी, त्याच इमारतीत, उलमनचे इन्स्टाग्रामचे फोटोही होते.

मुलगे या सगळ्यातून सुटलेत असं समजू नका. सहा पॅक, रुंद खांदे, सुया आणि पावडरी, हे त्यांचं दुखणं वेगळ्या आवाजात बोलतं म्हणून ऐकू येत नाही एवढंच. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या जागांचा मला इथे आधार वाटतो. मल्लखांबावर चढणाऱ्या पोराला शरीर काय करू शकतं याच्याशी कर्तव्य असतं. शास्त्रातही याला जागा आहे. नेदरलँड्समध्ये जेसिका अलेव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये स्वतःच्या शरीरावर नाराज असलेल्या तरुणींना, शरीर आपल्यासाठी काय काय करतं, यावर लिहायला लावलं. त्यानंतर त्यांचं शरीराविषयीचं समाधान वाढलं. नवरात्रात हे मी दरवर्षी बघते. गरब्याच्या आधी तासभर फोनसमोर चोळीची दोरी सारखी करणारी मुलगी, एकदा गोलात शिरून ताल पकडला की पोटाचा विचार विसरते.

कला काय करू शकत नाही

कलेवर सगळं सोपवून चालणार नाही. नॉर्वेने बदललेल्या शरीराच्या जाहिरातीवर तसा शिक्का मारणं २०२२ पासून सक्तीचं केलं, फ्रान्सने त्याआधीच २०१७ मध्ये. पाऊल चांगलं आहे, पण अशा सूचनांवर झालेल्या बऱ्याच अभ्यासांत बघणाऱ्याची खंत फारशी कमी झालेली दिसली नाही. ‘हे खोटं आहे’ असं लिहिलेलं वाचूनही मन तुलना करतंच. माझा अनुभव असा की वाचून जे होत नाही ते करून बघितल्याने थोडंफार होतं. म्हणून वर्गात मी मुलांना एकमेकांचे फोटो एक फुटावरून आणि पाच फुटांवरून काढायला लावते, मग दोन्हींवरून चित्र. मग तिसरं चित्र आरशात बघून. एकदा एक मुलगी म्हणाली, “ताई, तिन्ही मीच आहे आणि तिन्ही वेगळ्या आहेत.” तिला मी १९७७ चा एक जुना प्रयोग सांगितला: माणसांना स्वतःचा आरशातला, उलटा चेहरा जास्त आवडतो आणि त्यांच्या मित्रांना फोटोतला, सुलटा. ज्याला ज्याची सवय, त्याला ते. फोटोत आपण विचित्र दिसतो असं वाटतं त्याचं हे एक मोठं कारण.

पण काही मुलांसाठी हे पुरत नाही. एखादं मूल जेवण टाळू लागलं, तासन्‌तास आरशासमोर एकाच जागेकडे बघू लागलं किंवा आरसे झाकू लागलं, चेहऱ्यातल्या कुणालाही न दिसणाऱ्या दोषापायी शाळा, लग्नकार्य, मैत्रिणी टाळू लागलं, तर ते लाडावलेपण समजून रागावू नये. दिसण्यातल्या दोषाच्या अशा ध्यासाला वैद्यकात नाव आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, आणि त्यावर बोलण्याचे उपचार आणि औषधं दोन्ही उपलब्ध आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते, आणि तिथे बोलण्याची भाषा निवडता येते.